गर्भाशय काढण्याचा निर्णय हंगामावर सोडू नका

(बीड जिल्ह्यातील एका वाचक भगिनीच्या पत्राचा आशय, ओळख पटू नये एवढे बदल करून, पुढे दिला आहे. त्यांचे वय ३३ वर्षे. लग्न सतराव्या वर्षी झाले आणि दोन मुले झाल्यावर तेविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या पतीसोबत ऊसतोडीला जातात. गेली दोन वर्षे पाळी आठ-नऊ दिवस चालते, रक्ताच्या गाठी पडतात, मधल्या दिवसांत अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते आणि चालताना धाप लागते. गावातले डॉक्टर सलाईन व इंजेक्शन देतात, त्याने दोन-चार दिवस बरे वाटते. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तेव्हा ‘पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आले. हिमोग्लोबिन ८.२ आहे. मुले झाली, आता पिशवीचे काम काय, हंगामाआधी उरकून घ्यावे, असे सासूबाईंचे व पतीचे मत आहे आणि खर्चाची रक्कम उचलीत, म्हणजे हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांत, धरून द्यायला मुकादम तयार आहे. थोरल्या जावेने चार वर्षांपूर्वी पिशवी काढली. तिच्या अंगाची आग होते आणि कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखते. या भगिनी विचारतात, ‘मी पिशवी काढावी का? आणि पांढऱ्या पाण्यातून हाडे झिजून जातात हे खरे आहे का?’)

प्रिय ताई,

तुमचा त्रास खरा आहे आणि तो अंगावर काढत राहा असे मी मुळीच सुचवणार नाही. आठ-नऊ दिवसांचा रक्तस्राव आणि ८.२ हिमोग्लोबिन घेऊन पहाटेपासून फडात कोयता चालवणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीपर्यंत नेणे म्हणजे काय, हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. उपचार व्हायलाच हवेत. परंतु तुमच्या पत्रात शस्त्रक्रिया ठरलेली दिसते, पैशाची तजवीज झालेली दिसते, दिवसही जवळजवळ ठरलेला दिसतो. फक्त तुम्हाला नेमका कोणता आजार झाला आहे, हे कुठेच लिहिलेले दिसत नाही. तुम्ही ते लिहायला विसरला असाल असे मला वाटत नाही. बहुधा ते तुम्हाला कोणी सांगितलेलेच नाही.

पाळीत जास्त जाणे हे लक्षण आहे आणि त्यामागे अनेक कारणे असू शकतात. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तर पाळी वाढते. बीजकोशातून दर महिन्याला अंडे सुटण्याची क्रिया विस्कळीत झाली तर पाळी लांबते. गर्भाशयाच्या अस्तरात लहानसा कोंब वाढलेला असू शकतो, भिंतीत गाठी असू शकतात, अस्तराच्या पेशी स्नायूंच्या भिंतीत शिरलेल्या असू शकतात, जंतुसंसर्ग असू शकतो आणि काही स्त्रियांमध्ये रक्त गोठण्याचाच दोष असतो. यांपैकी थायरॉइडचे कारण असेल तर रोजच्या एका गोळीने पाळी पूर्ववत होऊ शकते आणि त्यासाठी लागते ती रक्ताची एक साधी तपासणी. ती तुमची झाली आहे का? कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असली तरी क्वचित प्रसंगी गर्भ राहू शकतो, तोही नळीत. म्हणून अशा तक्रारीत लघवीची गर्भतपासणी सर्वांत आधी करतात. सोनोग्राफी हा या तपासण्यांतील एक भाग आहे, पूर्ण निदान नव्हे.

आता त्या सोनोग्राफीतील ‘सूज’ आणि ‘जखम’ यांविषयी. बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय मूल न झालेल्या स्त्रीपेक्षा थोडे मोठे असणे स्वाभाविक आहे. अहवालात ते ‘आकाराने वाढलेले’ असे लिहिले जाते आणि दवाखान्याच्या टेबलापलीकडून तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याची ‘सूज’ होते. गर्भाशयाच्या तोंडावर दिसणारा लालसर भाग हीसुद्धा पुष्कळदा जखम नसते. आतल्या बाजूचे नाजूक अस्तर बाहेर दिसू लागलेले असते, पाळी चालू असलेल्या अनेक निरोगी स्त्रियांमध्ये ते आढळते आणि त्रास नसेल तर त्याला उपचारही लागत नाहीत. बीजकोशावरील लहान ‘पाण्याची गाठ’ हे घाबरवणारे आणखी एक निदान; दर महिन्याला अंडे तयार होताना अशी पुटी बनतच असते आणि बहुतेक पुटी दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरून जातात. तुम्हाला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या हेतूवर मी बोट ठेवत नाही. तथापि एवढ्या आधारावर ३३ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय काढणे योग्य नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

कॅन्सरच्या भीतीचे काय करायचे? ही भीती खोटी म्हणून झटकू नका, तिची शहानिशा करा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आपल्याकडे खरोखर होतो. जवळजवळ प्रत्येक रुग्णात त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाच्या विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो. मात्र हा विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत सहसा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो आणि या काळात बिघडू लागलेल्या पेशी तपासणीत सापडतात. त्या सापडल्या तर तेवढाच भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा कापून काढता येतो. गर्भाशय जागेवर राहते आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. म्हणजे ‘कॅन्सर होईल’ या वाक्याचे योग्य उत्तर तपासणी हे आहे. तपासणी न करता गर्भाशय काढण्यात तर वेगळाच धोका आहे, कारण तिथे कॅन्सर असलाच तर त्याची शस्त्रक्रिया निराळी, अधिक विस्तृत असते आणि प्राथमिक अवस्थेनंतर प्रामुख्याने किरणोपचार द्यावे लागतात. साधी पिशवी काढून टाकल्याने त्या रुग्णाचे नुकसानच होते.

या बाबतीत मराठवाड्यातील बायकांनी साऱ्या जगाला काही शिकवले आहे आणि त्याची माहिती इथल्याच घराघरांत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आजच्या धाराशिव, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात सामावून घेतले. कोणत्या तपासणीने जीव वाचतात, हे पाहायचे होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच केली गेली, तेथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आज जगभर तिशीनंतर ही तपासणी करावी असे जे सांगितले जाते, त्याच्या पायाशी तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या शेतकरी आणि मजूर बायका आहेत. तुमचे वय ३३ आहे. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांपुढील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पाहण्याची तपासणी होते, तिला काही मिनिटे लागतात, भूल लागत नाही आणि पैसे पडत नाहीत. एचपीव्ही किंवा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या) तपासणीची सोय वैद्यकीय महाविद्यालयांत असते. या तपासणीचा निकाल हातात आल्याशिवाय शस्त्रक्रियेची चर्चाच करू नका.

तुमचा दुसरा प्रश्न पांढऱ्या पाण्याचा. त्यातून हाडे झिजत नाहीत, विरघळून बाहेर येत नाहीत आणि त्यामुळे अशक्तपणाही येत नाही. हा समज इतका खोल रुजलेला आहे की सुशिक्षित घरांतही तो ऐकू येतो, आणि याच समजापोटी अनेक बायका पिशवी काढायला तयार होतात. योनीमार्ग स्वतःला ओलसर व स्वच्छ ठेवण्यासाठी स्राव तयार करतो. पाळीच्या मध्यावर तो वाढतो, पातळ आणि पारदर्शक होतो, आणि वास व खाज नसेल तर तो आजार नाही. संसर्ग असेल तर स्राव बदलतो. दह्यासारखा घट्ट आणि खाज सुटणारा स्राव बुरशीमुळे होतो, राखाडी व मासळीसारखा वास येणारा स्राव जिवाणूंचा समतोल बिघडल्यामुळे होतो, तर हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव एका परजीवीमुळे होतो आणि तो संबंधातून पसरतो. तिन्हींवर काही दिवसांच्या औषधांनी गुण येतो, मात्र तिसऱ्या प्रकारात पतीनेही त्याच वेळी औषध घेतले नाही, तर बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडते. तुमच्या पतींना हे नीट सांगा. त्यात कमीपणा नाही आणि कोणावर आरोपही नाही. त्या गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर दोन-तीन दिवस दारू अजिबात घेऊ नये, हेही सांगा. ओटीपोटात दुखणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव एकत्र असतील तर संसर्ग वर चढलेला असू शकतो. त्यावर सहसा दोन आठवड्यांचा पूर्ण औषधोपचार लागतो आणि चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवणे महागात पडते.

कंबरदुखीचा संबंध पांढऱ्या पाण्याशी जोडला जातो, कारण दोन्ही एकाच बाईला होतात. तुमच्या कामाकडे पाहा. दिवसभर कमरेत वाकून उसाच्या बुडाशी घाव घालणे आणि नंतर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणे, हे कंबरदुखीसाठी पुरेसे कारण आहे. गर्भाशय काढल्याने हे काम हलके होत नाही, म्हणून कंबरही थांबत नाही. तुमच्या जाऊबाईंच्या अनुभवाचे निम्मे स्पष्टीकरण एवढेच आहे.

उरलेल्या निम्म्याविषयी सावध राहायला हवे. चार वर्षांपूर्वी त्यांचे केवळ गर्भाशय काढले की बीजकोशही काढले, हे त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असेल. ते शोधायला सांगा. अंगाची आग होणे, दरदरून घाम फुटणे, झोप उडणे ही लक्षणे बीजकोशांतील संप्रेरक अचानक बंद झाल्याची असतात. बीजकोश काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, मग वय तिशीचे असो वा पन्नाशीचे. हाडांची घनता लवकर घटू लागते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये त्यांचे काम काही वर्षे आधी मंदावू शकते. ‘मुले झाली, आता पिशवीचे काम काय’ या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. तरुण वयात बीजकोश गेलेल्या स्त्रियांना नेहमीच्या रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकांचे उपचार देता येतात, तेव्हा तुमच्या जाऊबाईंनीही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, रक्तदाब तपासून घ्यावा आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाविषयी विचारावे. ‘आता काय उपयोग’ असे म्हणून त्यांना घरी बसवू नका.

आता मला तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या आकड्याकडे यायचे आहे, ज्याच्याविषयी घरात कोणी बोलत असल्याचे दिसत नाही. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे. आठच्या खाली गेले की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात, आणि तुम्ही त्या रेषेच्या अगदी काठावर आहात. तुमची धाप, छातीतील धडधड, चक्कर, केस गळणे, कामातला थकवा यांतील बराचसा भाग या एका आकड्यातून येत असणार; कच्चे तांदूळ, खडू किंवा माती खाण्याची इच्छा होत असेल, तर तीही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. यात तुम्ही एकट्या नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. इतक्या बायका थकलेल्या असल्यामुळेच थकवा हा बायकांचा स्वभाव आहे असे आपण मानू लागलो आहोत.

गावात लावलेल्या सलाईनने हा आकडा वाढत नाही, कारण त्या बाटलीत मिठाचे किंवा साखरेचे पाणी असते, लोह नसते. लोहाची गोळी स्वस्त आहे आणि उपकेंद्रात मोफत मिळते. ती निष्फळ ठरते ती बहुधा घेण्याच्या पद्धतीमुळे. गोळी जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मध्ये, लिंबूपाण्यासोबत किंवा आवळ्यासोबत घ्यावी. तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही, आणि फडावर तर दिवसाची सुरुवातच चहाने होते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाली तर गोळी बंद न करता रात्री जेवणानंतर किंवा एक दिवसाआड घेता येते का, हे डॉक्टरांना विचारावे; शौचाला काळपट होणे हा गोळीचा अपेक्षित परिणाम आहे, घाबरण्याचे कारण नाही. रोज उपचाराच्या मात्रेत गोळ्या घेतल्या आणि रक्तस्राव आटोक्यात आला, तर साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने वाढायला हवे. ते १२ वर पोहोचल्यानंतरही शरीरातील साठा भरण्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि बहुतेक जणी इथेच थांबतात. गोळ्या मानवतच नसतील तर शिरेतून लोहाची इंजेक्शने देता येतात. ती मात्र रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यावीत. जंतांचे औषध एकदा घ्या. फडात अनवाणी वावरल्याने अंकुशकृमी पायाच्या त्वचेतून शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात, त्यामुळे पायांत चप्पल-बूट असणे हासुद्धा रक्तक्षयावरचा उपाय आहे.

आहाराने मदत होते, पण ८.२ चे १२ केवळ आहाराने होत नाहीत, हे स्पष्ट सांगते. गुळाविषयी आपल्याकडे जेवढा विश्वास आहे, तेवढे लोह गुळात नसते. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची किंवा मेथीची भाजी, मोड आणलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी आणि या सगळ्यावर पिळलेले लिंबू, परवडेल तेव्हा अंडी किंवा मटण, असे जेवण योग्य आहे. सर्वांना वाढून उरलेले खायचे, ही पद्धत मात्र तुमच्या घरात असेल तर ती निदान हे सहा महिने मोडावी लागेल.

रक्तस्राव कमी करणारी औषधेही आहेत. पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत घ्यायच्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी पुष्कळ स्त्रियांचा रक्तस्राव लक्षणीय कमी होतो, मेफेनॅमिक ॲसिडने रक्तस्रावासोबत दुखणेही कमी होते. संप्रेरकांच्या गोळ्या हा पुढचा टप्पा आहे. गर्भाशयात बसवायची, संप्रेरक सोडणारी तांबी तर काही महिन्यांत रक्तस्राव अगदी थोड्यावर आणते आणि किमान पाच वर्षे काम करते. ती बाजारात महाग पडते, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. साधी, तांब्याची तांबी इथे उपयोगाची नाही, तिने रक्तस्राव वाढतो. यांपैकी कोणतेही औषध दुकानातून स्वतः आणून घेऊ नका. पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली असेल, रक्तदाब जास्त असेल किंवा तंबाखूची मिसरी लावण्याची सवय असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगितले पाहिजे, कारण त्यावरून औषधाची निवड बदलते.

शस्त्रक्रिया कधी योग्य असते, हेही सांगायला हवे, नाहीतर ज्यांना तिची खरी गरज आहे त्या बायका माझे लिहिणे वाचून मागे फिरतील. गर्भाशयाच्या अस्तरात कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, मोठ्या गाठींमुळे औषधांना न जुमानणारा रक्तस्राव होत राहिला, अंग बाहेर येऊन चालणे-बसणे कठीण झाले, किंवा औषधांचा पुरेसा काळ प्रयत्न करूनही जगणे असह्य राहिले, तर गर्भाशय काढणे हा विचारपूर्वक घेतलेला आणि सुटका देणारा निर्णय असतो. तिथेही हिमोग्लोबिन आधी वाढवून घेतात, आणि तरुण वयात निरोगी बीजकोश शक्यतो ठेवतात.

तुमच्या जिल्ह्यात हा प्रश्न किती खोल गेला आहे, याची नोंद सरकारदरबारी आहे. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या लागू करण्याचे निर्देश दिले. तेव्हा तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागितले, तर तो उद्धटपणा ठरत नाही. ज्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली तेथून सर्व कागद मागून घ्या. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत ते देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

तुमच्या घरच्यांनी हंगामाआधी ‘उरकून’ घ्यायचे ठरवले आहे, त्यामागचा हिशेब मला कळतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. पाळीच्या दिवसांत बाई झोपून राहिली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो आणि तो दोघांच्या उचलीवर चढतो. पण हाच हिशेब पुढे करून पाहा. गर्भाशय काढल्यानंतर साधारण सहा आठवडे जड वजन उचलायचे नसते, आतील टाके भरून यायला तेवढा वेळ लागतोच. दसऱ्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया केली आणि तीन आठवड्यांत डोक्यावर मोळी घेतली, तर टाके उसवणे, रक्तस्राव, पुढे हर्निया किंवा योनीमार्ग खाली सरकणे असे त्रास संभवतात. शस्त्रक्रियेसाठी हंगामाआधीचे दिवस सर्वांत अयोग्य आहेत, आणि खर्च उचलीत धरला तर तो फेडण्यासाठी त्याच अशक्त शरीराने आणखी एक हंगाम काढावा लागेल. हे पतींना शांतपणे, कागदावर मांडून दाखवा. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना सोबत घेऊन रुग्णालयात जा आणि डॉक्टरांनाच समजावून सांगायची विनंती करा. बहुतेक सासवांनी स्वतः हाच त्रास मुकाट्याने काढलेला असतो, आणि सुनेचा तो लवकर संपावा ही त्यांची इच्छा प्रामाणिक असते.

आता या आठवड्यात काय करायचे, ते सांगते. गावातील आशाताईंना भेटा आणि उपकेंद्रातून उपचाराच्या मात्रेतील लोहाच्या गोळ्या सुरू करून घ्या. ऊसतोड महिलांसाठी हंगामापूर्वी आरोग्य तपासणी होते, तिचा दिवसही त्यांनाच विचारा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीचे दिवस, दिवसाला किती पॅड किंवा कपडे बदलले आणि गाठी पडल्या का, याची खूण करत जा, कारण ‘जास्त जाते’ यापेक्षा ही नोंद डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते. त्यानंतर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल तेथे स्त्रीरोग विभागात जा. इतर जिल्ह्यांतील भगिनींना लातूर आणि नांदेडची शासकीय महाविद्यालये किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे. तेथे रक्ताची संपूर्ण तपासणी, थायरॉइड, साखर, गर्भाशयमुखाची तपासणी आणि गरज वाटली तर पुन्हा सोनोग्राफी करून घ्या, आणि निदान काय आहे ते केसपेपरवर स्पष्ट लिहून मागा. कोणी पुन्हा शस्त्रक्रिया सुचवली तर औषधांनी का भागणार नाही, बीजकोश ठेवणार का, आणि सहा महिने थांबले तर कोणता धोका आहे, हे तीन प्रश्न विचारा. शांतपणे उत्तर देणारे डॉक्टर मिळाले की त्यांचा सल्ला माना, मग तो शस्त्रक्रियेचा असला तरी.

काही लक्षणांत मात्र वाट पाहायची नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजतो आहे आणि हे दोन-तीन तास चालले आहे, बसल्याजागी धाप लागते आहे, उभे राहताच भोवळ येते आहे, असे झाले तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त जात असेल, तर तातडीने नाही तरी आठवड्याभरात तपासणी व्हायलाच हवी. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर सासूबाईंच्या वयाच्या स्त्रियांनी ते ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नये.

हंगामाला जावेच लागले, तर तीन महिने पुरतील एवढ्या लोहाच्या गोळ्या आणि पाळीच्या दिवसांसाठी लिहून दिलेली औषधे सोबत घ्या. सर्व अहवाल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या गाठोड्यात ठेवा आणि त्यांचे फोटो पतींच्या मोबाइलमध्येही असू द्या, कारण तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी शिरले की कागद टिकत नाहीत. कपडा वापरत असाल तर तो धुऊन कडक उन्हात वाळवा आणि उघड्यावर जावे लागते म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवू नका किंवा पाणी कमी पिऊ नका. जळजळ आणि वारंवार लघवीचा त्रास त्यातूनच सुरू होतो. गोळ्या सुरू केल्यापासून एक महिन्याने हिमोग्लोबिनची पुन्हा तपासणी करायची आहे आणि ती तारीख बहुधा फडावर असतानाच येईल. कारखान्याच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, हे तळ पडला की पहिल्याच आठवड्यात पतींना विचारून ठेवायला सांगा. आकडा ९ च्या वर गेलेला नसेल, तर गोळ्या लागू पडत नाहीत किंवा रक्तस्राव अजून थांबलेला नाही असे समजून तेथील डॉक्टरांना सर्व कागद दाखवा, आणि हंगाम संपेपर्यंत थांबू नका.